सतरा नंबरचा कोयता

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाठ मोडली! राहुरीच्या पुढं ऊसतोडीच्या टोळीवर जाऊन आले. जाताना सव्वा तास, येताना दोन. पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं उसाचे ट्रॅक्टर. आमच्या किडनीच्या डॉक्टर सरांनी फील्ड डायरी ठेवायला सांगितली आहे. ती निळी वही. तिच्यात "सहभागी", "निरीक्षण" असलं सगळं. ही वही माझी. हिच्यात पाठ मोडली असं लिहिता येतं.

काम असं — तोडणी करणाऱ्यांचं रक्त कामावर जायच्या आधी घ्यायचं, काम संपल्यावर परत घ्यायचं. दोन्हीतलं क्रिएटिनिन मोजायचं. किडनी दमली की तो आकडा चढतो. ना शुगर, ना बीपी, तरी चाळिशीच्या आत किडन्या खलास होऊन आलेले रानातले लोक सर किती वर्षं बघतायत. उन्हानं आणि कष्टानं एका दिवसात किती इजा होते ते त्यांना आकड्यात पकडायचंय. बाहेरच्या देशांत असं काम झालंय म्हणे. आपल्याकडं थोडंच.

वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मी आता "रिसर्च सिस्टर". आई विचारते, म्हणजे काय करतेस? मी म्हटलं, तेच. सुई टोचते आणि लिहून ठेवते.

टोळीचा मुकादम गहिनीनाथ. पांढरी टोपी, दोन मोबाईल, दोन्हींवर एकदम बोलतो. त्यानं यादी दिली — बासष्ट कोयते. मी बासष्ट फॉर्म केले. संध्याकाळी गडी रानातून आले तसे एकेकाच्या सह्या-अंगठे घेतले. रक्ताच्या ट्यूबवर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. गुप्तता पाळायची! लेबलं छापून आलीत, त्यावर अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटेचं रक्त गनीभाईंनी घेतलं, संध्याकाळचं मी. गनीभाई आमच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन. हात असा की माणसाला कळतही नाही. तोंड मात्र सारखं चालू. दुपारी ड्यूटी बदलताना सकाळच्या रांगेबद्दल काहीतरी सांगत होते. माझं लक्ष बर्फाच्या पेटीकडं. म्हटलं, नंबर बरोबर घेतले ना? "घेतले." मग झालं तर.

संध्याकाळी सतरा नंबरचा आसाराम. तिशीचा असेल. पाथर्डीकडचा. सुई बघून डोळे गच्च मिटले. दिवसभर कोयता चालवणारा बाप्या! "झालं की सांगा सिस्टर." अहो, झालं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट आले. सर हवेत! जवळजवळ प्रत्येकाचा आकडा संध्याकाळी चढलेला. सकाळी पॉइंट सात, संध्याकाळी एक. कुणाचा पॉइंट सहा, संध्याकाळी पॉइंट नऊ. "एका दिवसात एवढी वाढ मी कुठल्याच पेपरात वाचलेली नाही," म्हणाले. पुण्याच्या परिषदेला पाठवायचं. माझंही नाव घालणार. घाला म्हटलं.

फक्त सतरा नंबर उलटा. सकाळी तीन पॉइंट एक, संध्याकाळी पॉइंट नऊ. किडनी सकाळी बुडाली आणि दिवसभर ऊस तोडून बरी झाली! सर म्हणाले लॅबची चूक. गनीभाई म्हणाले मशीनची चूक. मशीन काही बोललं नाही. पण तीनचा आकडा सोडून देण्यातला नाही. मुकादमाला फोन केला — सतरा नंबरच्या कोयत्याचा रिपोर्ट वाईट आहे, पाठवून द्या.

"व्हय व्हय," म्हणाला. दुसऱ्या मोबाईलवर कुणाला तरी शिव्या देत होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आसाराम आला. इस्त्रीचा सदरा घालून. परत तपासलं — पॉइंट नऊ. सोनोग्राफी स्वच्छ. सर म्हणाले, लॅबचीच चूक. सतरा नंबर गाळा. तरी खबरदारी म्हणून त्याला सांगितलं, पंधरा दिवस ऊन टाळ, पाणी भरपूर पी, अंगदुखीची गोळी अजिबात नको.

"म्हंजी माजी किडनी गेली का?"

"नाही रे बाबा. चांगली आहे."

"मंग ऊन कामून टाळायचं?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी केस पेपरकडं. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टर सांगतात ते ऐकावं. हे वाक्य मी वीस वर्षं वापरतेय. कधी फेल गेलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर आकडे भरले. डोळे आंबले. वरणभात खाल्ला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

टोळीवर गेले. पाण्याचे जार, ताडपत्रीची सावली, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या फेरीच्या तयारीचं बघायला. ऊन आत्ताच असं, पुढं काय होणार!

आसाराम बाभळीखाली बसलेला. मान खाली. बाजूला पाण्याच्या दोन बाटल्या. बाकीचे गडी त्याला पाहुणा म्हणून चिडवत होते. "पावनं, च्या आनू का?" त्याच्या वाटची तोडणीही बायकोच करत होती. ज्ञानेश्वरी नाव. टोळीत ग्यानीच म्हणतात. तोडायचं तिनं, मोळी बांधायची तिनं, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहायची पण तिनंच. एका मोळीत माझ्यासारखी आडवी होईल.

म्हटलं, अगं बसू दे की थोडं स्वतःला पण. तर म्हणते, "त्यांची किडनी खराब हाय ताई. तुमच्या सायबांनीच सांगितलं ना? त्यांनी ऊन घ्यायचं न्हाई. माजं पानी बी त्यांनाच देते. मला काय व्हतंय?"

बायको चांगली आहे. असं मनात आलं. तिचं तोंड सुजल्यासारखं वाटलं. झोप नसेल. तीन वाजता उठून भाकरी थापायची, मग रान.

अंग लई ठणकतंय म्हणाली. टोळीवरच्या दुकानातल्या गोळ्या संपल्या, तुमच्याकडं हाय का? आम्ही ज्यांचं रक्त घेतो त्यांना अंगदुखीची गोळी द्यायची नाही असा नियम आहे. ही काही यादीत नाही. पर्समध्ये अर्धी पट्टी होती, दिली.

३ मार्च, सोमवार

रमजान सुरू झालाय. गनीभाई म्हणाले, "सिस्टर, सहरी सोडून पहाटे चारला राहुरीला कसा निघू? या बारीला तुम्ही जा, संध्याकाळचं मी बघतो." बरं म्हटलं. पहाटेची गार हवा तरी मिळेल.

कारखान्याचा हंगाम दहा-बारा दिवसांत संपणार. मग टोळी फुटेल, जो तो आपापल्या गावी. त्याच्या आत दुसरी फेरी उरकायची.

५ मार्च, बुधवार

आत्ता घरी आले, घाईनं लिहितेय. लिहिते तसं वाचता यावं म्हणजे झालं.

साडेपाचला टोळीवर पोचले. चुली पेटलेल्या, धूर. गाडीवान रात्रीच बैलगाड्या घेऊन कारखान्यावर गेलेले, गाड्या रिकाम्या होईपर्यंत तिथंच ताटकळत बसतात. मुकादमानं आरोळी ठोकली — "एक नंबरपास्नं या!" आणि रांग लागली. सगळ्या बाया! एकूण एक. पदरानं हात पुसत, पिठाचे हात.

मला वाटलं, मजा बघायला आल्यात. म्हटलं गडी कुठंयत? मुकादम म्हणतो, "गडी गाडीवर. कोयता हाजर हाय की. घ्या."

तरी डोक्यात प्रकाश पडला नाही माझ्या. एक ते सोळा कसं काय केलं आठवत नाही. सुई, ट्यूब, लेबल. हातानं केलं. सतरा म्हटलं आणि ज्ञानेश्वरीनं हात पुढं केला.

"तू कशी? सतराला आसाराम आहे."

"मागल्या बारीला बी मीच दिलं की, ताई. त्या म्हाताऱ्या भाईंनी घेतलं. सांजच्याला त्यांनी दिलं." मग माझ्याकडं बघून हसली. "आमी दोघं मिळून एकच कोयता न्हाई का?"

नवरा-बायको मिळून एक कोयता. अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच मी विचारलं नाही.

सकाळी बायकोचं रक्त, संध्याकाळी नवऱ्याचं. नंबर एकच. बाईचा आकडा मुळातच कमी असतो, बाप्याचा जास्त. झाली वाढ! बासष्टच्या बासष्ट. आणि सतरा नंबरची चूक ना लॅबची, ना मशीनची. तीन पॉइंट एक तिचं होतं. अकरा दिवस तो सावलीत आणि ती उन्हात. तिचं पाणी त्याला. वर माझी अर्धी पट्टी.

पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो वर आलाच नाही. बीपी १९० वर ११०. विचारलं, मळमळतं? "महिना झाला. दुसऱ्यांदा दिस गेले का काय म्हनून गप ऱ्हायले." लघवी? लाजली. मग म्हणाली, "लई थोडी."

म्हटलं, चल जीपमध्ये बस. मुकादम आडवा. "मॅडम, हंगामाचा पट्टा पडायला आठ दिस ऱ्हायले. ही गेली म्हंजी त्यो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्यानं गाडी भरती व्हय? संध्याकाळी न्या."

मी काय बोलले ते निळ्या वहीत लिहिण्यासारखं नाही. इथंही नको. टोपी काढून बाजूला झाला एवढं खरं.

जीपमध्ये तिचं एकच — "त्यांना भाकरी कोन देईल?"

क्रिएटिनिन सहा पॉइंट आठ. दुपारी डायलिसिसला घेतली.

६ मार्च, गुरुवार

सरांना सांगितलं. आधी म्हणाले, एखादा नंबर इकडं तिकडं झाला असेल. म्हटलं, बासष्ट. खुर्चीत मागं टेकले. परिषदेला पाठवलेला कागद टेबलावरच होता. तो उलटा करून ठेवला.

"सकाळच्या रांगेत बायकाच असतात हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"नाही सर."

खोटं! गनीभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बर्फाच्या पेटीपाशी. "सिस्टर, सकाळी सगळ्या बायाच होत्या, चालतंय ना?" — हे शब्द मला अख्खे ऐकू आले होते. मी नंबर विचारला. त्या दिवशी या वहीतसुद्धा लिहिताना "काहीतरी सांगत होते" असं लिहिलंय. आत्ता पान उलटून बघितलं. स्वतःशीसुद्धा कशी सफाई!

गनीभाईंना संध्याकाळी भेटले. रोजा सोडत होते. खजूर पुढं केला. म्हणाले, "तुम्ही म्हणाला कोयत्याचा नंबर घ्या. कोयत्यानं हात पुढं केला, मी सुई टोचली. चूक माझीपण आहे सिस्टर." त्यांची कसली आलीय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ मार्च, शुक्रवार

सरांना लेखी दिलं. गनीभाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही — तेही. आणि गोळ्यांचंही. दीड पान झालं. सरांनी दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "यादी मीपण बघितली होती. मी नगरचाच आहे."

पुण्याचा कागद त्यांनी स्वतः मागं घेतला. मेल करताना मी समोरच उभी. बटण दाबायला बराच वेळ लावला.

गोळ्यांबद्दल म्हणाले, अर्ध्या पट्टीनं किडनी जात नाही, ती तीन हंगाम खातेय. असेल. मी आता पर्समध्ये पट्टी ठेवत नाही.

१० मार्च, सोमवार

तिसरं डायलिसिस झालं. तोंडाची सूज उतरली. आत्ता कळतं, वयानं सव्वीसच असेल. तोंड बारीक आहे, नाक सरळ. त्या दिवशी मी बघितलं ते हिचं तोंड नव्हतंच. आणि वीस वर्षं किडनीच्या वॉर्डात काढलेली मी म्हणते झोप नसेल. कप्पाळ!

आसाराम बाहेर बाकावर. आत यायला घाबरतो. काल म्हणाला, "सिस्टर, माज्या आंगातलं तिच्या आंगात गेलं व्हय?" नाही रे, म्हटलं, आधीपासून तिचंच होतं. "मंग मी इतकं दिस सावलीला बसलो त्ये कशापायी?" यावर माझं वीस वर्षांचं वाक्य चाललं नाही. मी नुसती शेजारी बसले. मग चहा आणला, त्यानं निम्मा मला बशीत ओतून दिला.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आईनं पुरणपोळी केली. दोन पोळ्या वॉर्डात नेल्या. ज्ञानेश्वरीला पथ्य, म्हणून दोन्ही आसारामनं खाल्ल्या, तिच्यासमोर! ती बघत होती आणि हसत होती. तिला लघवी व्हायला लागली आहे.

२४ मार्च, सोमवार

घरी सोडलं. दोन पॉइंट चार. सर म्हणाले, इतक्यावर आली म्हणजे जमलं, पण पूर्ववत व्हायची नाही. ऊन नको, गोळी नको, दर पंधरा दिवसांनी तपासणी. या वेळी कुणाला सांगायचं ते नीट बघून सांगितलं. तिच्याकडं बघून.

आसाराम उसाची दहा-बारा टिपरी बांधून घेऊन आला. दवाखान्याच्या दारात! वॉचमन आत सोडेना. टोळीच्या शेवटच्या गाडीतला ऊस, म्हणाला. "आता पुढल्या साली ती चुलीम्होरं बसंल, मी तोडीन. अर्धा तर अर्धा." ती लगेच, "अर्धा कोयता कोन घेतंय? मुकादम हाकलून दील." आणि दोघं भांडत भांडत स्टँडकडं गेली. पाथर्डीच्या गाडीत बसवून आले.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण मला पटकन बरं वाटत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

तपासणीला आली. दोन पॉइंट दोन. पाठीवर मुलगी, चार वर्षांची. आजीजवळ असते. हंगामात आईबापाला सहा महिने बघत नाही. मुलीनं माझा स्टेथोस्कोप ओढला. सरांनी सगळा अभ्यास नव्यानं लिहायला घेतलाय. फॉर्मवर एका कोयत्याला दोन ओळी, अ आणि ब. माझी सूचना. सहीसुद्धा दोघांची वेगळी.

९ ऑगस्ट, शनिवार

ज्ञानेश्वरी मेमध्ये आली, जूनमध्ये एकदा. नंतर नाही. फोन तीनदा केला, बंद. रानात खुरपणी असेल. तिकडं रेंजही नसते. सोमवारी परत करते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा हंगाम. तीच टोळी. गाडीवानांना एका रात्रीची सुट्टी द्यायला लावली, म्हणून पहाटेच्या रांगेत सगळे जोडीनं उभे. सतराला आसाराम एकटा. मुकादमाच्या यादीत त्याच्या नावापुढं लिहिलेलं — अर्धा. मी वर बघितलं. मुकादम टोपी काढून हळूच म्हणाला, "नागपंचमीच्या आदुगर गेली, मॅडम."

आसारामनं बाही वर सारली. या वेळी डोळे मिटले नाहीत. सुईकडंच बघत म्हणाला, "घ्या सिस्टर. आता चूक व्हायची न्हाई."